शेळ्यांच्या कळपावर कायोटींचे हल्ले : टेक्साससारख्या भागात लहान शेतकऱ्याने काय करावे?

हिलकंट्री

नमस्कार मंडळी. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या पश्चिमेला, ओक आणि ज्युनिपरच्या झाडोऱ्याने भरलेल्या खडकाळ भागात आमचे लहानसे शेत आहे आणि तेथे आम्ही स्पॅनिश व बोअर यांच्या संकरातून आलेल्या शेळ्या मांसासाठी पाळतो. या वसंतात शेळ्या विऊ लागल्यापासून करडे जाऊ लागली आहेत. कधी कुरणात अर्धवट खाल्लेले शव सापडते, तर कधी करडू नाहीसेच होते आणि त्याची आई दिवसभर ओरडत फिरते. रात्री कायोटींची (लांडग्याहून लहान, कोल्ह्यासारख्या इकडच्या रानप्राण्यांची) कोल्हेकुई अगदी कुंपणालगत ऐकू येते, त्यामुळे संशय त्यांच्यावरच आहे.

शेजारचे एक जुने पशुपालक म्हणतात की दिसेल तो कायोटी गोळी घालून मारावा, दुसरा काही उपाय नाही. पलीकडच्या शेतावरील बाईंनी गाढव पाळण्याचा सल्ला दिला आहे. कुत्रे घ्यावेत असे आम्हाला वाटते, परंतु आजूबाजूची शेते लहान असल्याने ते भटकतील अशी भीती वाटते. ज्यांनी या प्रदेशात किंवा अन्यत्र अशा समस्येला तोंड दिले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. नुकसानभरपाई मिळते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

रानवाटा

आपल्या सर्व प्रश्नांच्या आधी एक प्रश्न येतो : करडे नक्की कोण मारत आहे? वन्यजीवांच्या क्षेत्रात काम करताना मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे की रात्री ओरडतो म्हणून कायोटीवर आळ येतो आणि खरे कारण वेगळेच निघते. कायोटी मेलेले जनावरही खातो. त्यामुळे रोगाने किंवा थंडीने गेलेल्या करडाजवळ त्याच्या पावलांचे ठसे मिळाले, तर एवढ्यावरून त्याने शिकार केली असे ठरत नाही.

यापुढे मेलेले करडू सापडले की ते पुरण्याआधी त्याच्या मानेवरची कातडी सोलून आतल्या बाजूने पाहावी. जिवंतपणी चावा बसला असेल तर दातांच्या छिद्रांभोवती कातडीखाली रक्त साकळलेले दिसते, आणि मेल्यानंतर लचके तोडले असतील तर तसे दिसत नाही. कायोटी बहुधा जबड्याच्या मागे, गळ्याला धरतो आणि जनावर गुदमरून मरते. नंतर तो बरगड्यांच्या मागून, कुशीच्या बाजूने खायला सुरुवात करतो. अगदी लहान करडाच्या बाबतीत मात्र चावा डोक्यावर किंवा पाठीवरही असू शकतो, आणि पुष्कळदा तो ते उचलूनच नेतो.

पाळीव किंवा मोकाट कुत्र्यांचे काम वेगळे दिसते. मागचे पाय, कान, शेपटी असे कुठेही फाडलेले असते, एकाच वेळी अनेक जनावरे जखमी होतात, आणि खाल्लेले फारच थोडे असते. बॉबकॅट या रानमांजराच्या हल्ल्यात नखांचे ओरखडे दिसतात आणि शव पाल्यापाचोळ्याने झाकलेले असू शकते. आपल्या भागात आणखी एकाकडे लक्ष ठेवावे, तो म्हणजे काळे गिधाड. भारतात गिधाडे दुर्मीळ झाल्याचे दुःख उराशी बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे खरे वाटणे अवघड जाते, पण अमेरिकेतील हा पक्षी थव्याने येऊन नुकत्याच जन्मलेल्या, अजून उभेही न राहिलेल्या करडाचे डोळे, जीभ आणि नाळेची जागा टोचतो. त्यावर कायोटीसाठी केलेले कुंपण काहीच उपयोगाचे नाही.

विण्याच्या जागेजवळ एक-दोन कॅमेरे लावा, ठसे आणि शवे तपासा, आणि मग येथे कळवा.

सॅनअँजेलोकर

मी पशुवैद्य आहे आणि पश्चिम टेक्सासात मेंढ्या-शेळ्यांच्या मोठ्या शेतांवर बरीच वर्षे काम केले आहे. तपासणीचा सल्ला अगदी योग्य आहे, पण पुढची चर्चा कुठे जाईल याचा मला अंदाज आहे, म्हणून दुसरी बाजू आधीच मांडतो. ‘कायोटी मारून उपयोग होत नाही’ हे विधान जितक्या ठामपणे केले जाते, तितके ते इतिहासाला धरून नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम-मध्य टेक्सासातील एडवर्ड्‌स पठाराच्या मोठ्या भागातून कायोटी जवळजवळ नाहीसे करण्यात आले होते. लांडगे आत येणार नाहीत अशा जाळीच्या कुंपणांनी शेतेच्या शेते बंदिस्त केली गेली, आणि आत राहिलेली जनावरे सापळे, विष व बंदुकीने संपवली गेली. त्यामुळेच मेंढपाळाशिवाय, राखणीशिवाय मेंढ्या मोकळ्या कुरणात सोडता येत होत्या, आणि 1943 च्या सुमारास टेक्सासात एक कोटीहून अधिक मेंढ्या होत्या. आज ती संख्या सात लाखांच्या आसपास आहे.

या घसरणीला कायोटी हे एकमेव कारण नाही हे मी मान्य करतो. कृत्रिम धागे आले, आणि 1954 च्या लोकर कायद्याखाली मिळणारे अनुदान 1990 च्या दशकाच्या मध्यात बंद झाले. पण ज्या शेतकऱ्याची करडे दर आठवड्याला जात आहेत, त्याला संयमाचा उपदेश करणे मला योग्य वाटत नाही. आजही अमेरिकेत हिंस्र प्राण्यांमुळे ज्या मेंढ्या आणि कोकरे जातात, त्यांतली निम्म्याहून अधिक कायोटीच नेतो.

रानवाटा

सॅनअँजेलोकर यांनी दिलेला इतिहास खरा आहे आणि तो वगळून या विषयावर बोलताच येणार नाही. परंतु त्यातील अटींकडेही पाहायला हवे. पठारावर ते साधले, कारण शेते हजारो एकरांची होती, शेजारी-शेजारी सर्वांचाच धंदा मेंढ्यांचा होता, कुंपणाला कुंपण जोडलेले होते, आणि वर्षानुवर्षे न थांबता सर्वजण एकच काम करत होते. हिलकंट्री यांच्या शेताभोवती आज काय आहे? कुणाचे सुट्टीतले घर, कुणाची हरणांच्या शिकारीसाठी राखलेली जमीन, कुणाचे दोन घोडे. त्यांनी आपल्या जागेतले सर्व कायोटी मारले तरी पलीकडचे रान भरलेलेच राहणार, आणि रिकाम्या झालेल्या जागेत काही आठवड्यांत नवे येणार.

किती मारले म्हणजे पुरे, याचे गणित कॉनली आणि लाँगहर्स्ट या संशोधकांनी 1975 मध्ये मांडले होते. त्यांच्या प्रतिमानानुसार दरवर्षी एकूण संख्येच्या 75 टक्के कायोटी मारत राहिले, तर ती संख्या संपायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील. याचे कारण त्यांच्या जननक्षमतेत आहे. जानेवारी ते मार्चमध्ये माजावर येणे, सुमारे 63 दिवसांचा गर्भकाळ, आणि एका वेळी साधारण सहा पिल्ले असा त्यांचा क्रम असतो. संख्या घटून उरलेल्यांना अन्न मुबलक मिळू लागले की पिल्ले वाढतात, आणि एरवी न विणाऱ्या तरुण माद्याही विऊ लागतात.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते कॅलिफोर्नियातील हॉपलँड येथे विद्यापीठाच्या मेंढी संशोधन केंद्रावर झालेले काम. तेथे कायोटींना रेडिओ पट्टे लावून कोण मारते याचा माग काढला गेला. बहुतेक कोकरे मारणारी जनावरे म्हणजे त्या त्या हद्दीची मालक असलेली, पिल्ले वाढवणारी जोडी होती. भटकी, तरुण, हद्द नसलेली जनावरे फारसे नुकसान करत नव्हती. गंमत अशी की सापळ्यात आणि बंदुकीच्या टप्प्यात सहज येतात ती हीच तरुण, अननुभवी जनावरे. म्हणजे वर्षभर दिसेल तो कायोटी मारणारा शेतकरी पुष्कळ मारतो आणि नेमक्या अपराध्याला मात्र हात लागत नाही. त्याच संशोधनात असेही दिसले की मेंढ्या मारणारी ती विशिष्ट जोडी काढली तर नुकसान काही काळ खरोखर थांबते. यूटामध्ये तर जोडीची नसबंदी करून तिला हद्दीतच राहू दिले, आणि भरवायला पिल्ले नसल्यामुळे कोकरांची शिकार कमी झाली.

म्हणून मी मारण्याच्या सरसकट विरोधात नाही. सिद्ध झालेल्या अपराध्याला, शवाजवळ परत येणाऱ्याला, कायद्याच्या चौकटीत काढणे हे समजण्यासारखे आहे. टेक्सासात जनावरांवर हल्ला करणाऱ्या कायोटीला मारण्यासाठी शिकारीचा परवाना लागत नाही. पण ज्या जोडीची हद्द आपल्या शेतावर आहे आणि जी उंदीर, ससे, फळे, टोळ यांवर जगते, ती जोडी म्हणजे आपली राखणच आहे, कारण ती आपल्या हद्दीत दुसऱ्या कायोटींना येऊ देत नाही. तिला मारणे म्हणजे शेळीची चव लागलेल्या एखाद्या जोडीसाठी जागा मोकळी करून देणे होय.

विषाचा विचार मात्र कृपया मनातही आणू नये. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनींवर अशा विषांचा वापर आदेश काढून थांबवला, त्यामागे गरुडांसारखे निरपराध प्राणी मोठ्या संख्येने मरत होते हे कारण होते. 2017 मध्ये आयडाहोतील पोकॅटेलोजवळ कायोटींसाठी पुरलेल्या सायनाइडच्या नळीला एका मुलाचा हात लागला. मुलगा वाचला, पण त्याचा कुत्रा त्याच्या डोळ्यांदेखत मेला.

हिलकंट्री

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पाहणी केली. दोन करडांच्या गळ्यावर, जबड्यामागे छिद्रे होती आणि कातडीखाली रक्त साकळलेले होते, म्हणजे तेथे कायोटीच असावा. एका करडाचे डोळे आणि जीभ गेलेली होती आणि गळ्यावर काहीच नव्हते. कॅमेऱ्यात त्याच जागी सकाळी काळी गिधाडे उतरलेली दिसली. एका ठिकाणी जाळीच्या कुंपणाखालून माती उकरलेली आहे. आपण विचारले नसते तर सगळा दोष एकाच प्राण्यावर जाऊन आम्ही चुकीच्या दिशेने खर्च केला असता.

मरीनची_मेंढपाळ

मी कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मेंढ्यांच्या शेतावर काम करते. आमच्या परगण्याने 2000 सालाच्या सुमारास कायोटी मारण्यासाठी असलेला संघराज्याच्या खात्याबरोबरचा करार संपवला आणि तो पैसा शेतकऱ्यांना कुंपणे, राखणदार कुत्री, लामा यांसाठी देण्याची योजना सुरू केली. त्यामुळे या साधनांचा अनुभव येथे भरपूर आहे, आणि तो सगळाच गोड नाही हेही सांगायला हवे.

सर्वांत भरवशाचे साधन कुत्रा आहे. ग्रेट पिरनीज, अनातोलियन शेफर्ड, अकबाश, मरेम्मा या जातींचे कुत्रे युरोप आणि तुर्कस्तानातील मेंढपाळांनी याच कामासाठी शेकडो वर्षे निवडत आणले आहेत. ते मेंढ्या वळवत नाहीत, त्यांच्यात राहतात. भुंकणे, जागोजाग मुतून हद्द आखणे आणि अंगावर धावून जाणे यांमुळेच बहुतेक वेळा काम होते, मारामारी क्वचित होते. पिल्लू आठव्या आठवड्यापासून शेळ्यांच्या सहवासात ठेवावे लागते, कारण चौथा महिना उलटल्यावर ती ओढ तशी जुळत नाही. माणसांची सवय मात्र त्याला असलीच पाहिजे. ‘हात लावू नका, नाहीतर घरी येईल’ असा जुना सल्ला ऐकून वाढवलेले कुत्रे पुढे डॉक्टरलाही जवळ येऊ देत नाहीत.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ सर्वांत कठीण असतो. त्या वयात ते खेळता-खेळता करडांचे कान चावतात, पाठलाग करतात, आणि अनेक मालक याच टप्प्यावर कुत्रा देऊन टाकतात. त्याला एखाद्या खमक्या म्हाताऱ्या शेळीच्या संगतीत वेगळे ठेवावे, विण्याच्या जागेपासून दूर ठेवावे, आणि धीर धरावा. दोन वर्षांचा झाल्यावर तो खरा कामाचा होतो. आपल्याला आत्ताच गरज असल्याने शक्य झाल्यास शेळ्यांतच वाढलेला प्रौढ कुत्रा शोधावा. भटकण्याची भीती रास्त आहे. कुंपण केवळ कायोटी बाहेर ठेवण्यासाठी नसून कुत्रा आत ठेवण्यासाठीही लागते, आणि शेजाऱ्यांशी रात्रीच्या भुंकण्याविषयी आधीच बोलून ठेवलेले बरे.

गाढवाविषयी थोडे. गाढवाला कुत्र्याच्या कुळाचा उपजत राग असतो हे खरे आहे, आणि एक गाढवीण किंवा खच्ची केलेले गाढव एकट्या कायोटीला पळवते. नर गाढव घेऊ नये, कारण ते करडांनाच इजा करू शकते. दोन गाढवे ठेवली तर ती एकमेकांच्या संगतीत रमतात आणि शेळ्या एकट्या पडतात. झाडीने भरलेल्या आणि चढउताराच्या जमिनीवर, जिथे शेळ्या विखुरतात, तिथे गाढवाचा उपयोग कमी होतो. लामांनाही हीच अट लागू आहे.

सॅनअँजेलोकर

मरीनच्या ताईंनी गाढवाचा विषय काढला म्हणून पशुवैद्य या नात्याने एक इशारा देतो. शेळ्यांच्या अनेक तयार खाद्यांत कॉक्सिडिओसिस या रोगासाठी मोनेन्सिन हे औषध घातलेले असते. ते शेळीला चालते, पण घोडा-गाढवाच्या हृदयाच्या स्नायूंवर त्याचा घातक परिणाम होतो आणि थोड्या मात्रेतही जनावर दगावू शकते. कुत्र्यालाही ते धोक्याचे आहे. त्यामुळे राखणदारांचे खाणे शेळ्यांपासून आणि शेळ्यांचे राखणदारांपासून तोडून ठेवावे. राखणदार कुत्र्यांना रेबीजची लस नियमित द्यावी, हेही विसरू नये. 1988 पासून दक्षिण टेक्सासात कायोटींमध्ये रेबीजची साथ पसरली होती आणि 1995 पासून विमानातून लसीची आमिषे टाकून ती आटोक्यात आणली गेली. कुत्र्यांमधून पसरणारा तो विशिष्ट प्रकार देशातून गेला, पण स्कंक आणि रॅकून या रानप्राण्यांमधला रेबीज आहेच.

आता कुंपण. कायोटी उडी मारू शकतो, पण त्याला खालून जाणे अधिक आवडते, आणि उकरलेली माती तेच सांगते. जाळीच्या तळाशी बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट रुंदीची जाळी जमिनीलगत आडवी पसरून दगडांनी दाबावी. आपल्याकडे खडक असल्याने ती पुरणे अवघड आहे, पण गवत तिच्यातून उगवून तिला घट्ट धरते. त्याखेरीज जाळीच्या बाहेर, जमिनीपासून वीतभर उंचीवर विजेची एक तार आणि वरच्या टोकाला दुसरी तार द्यावी. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की भूसंपर्क (अर्थिंग) नीट होत नाही आणि झटका बसत नाही, म्हणून विजेच्या तारेशेजारी भूसंपर्काची वेगळी तार ओढावी, म्हणजे दोन्हींना स्पर्श होताच झटका बसतो. जाळी निवडताना उभ्या तारांमधले अंतर सहा इंच असलेली घेऊ नका, शिंगांची शेळी त्यात डोके अडकवते आणि मग ती कुणालाही आयती सापडते. एक फुटाचे अंतर असलेली किंवा चार इंच चौकटीची जाळी चांगली.

भरपाईबद्दल सांगायचे तर संघराज्याची पशुधन नुकसानभरपाई योजना आहे, पण ती कायद्याने संरक्षित किंवा सरकारने पुन्हा रानात सोडलेल्या प्राण्यांच्या हल्ल्यांपुरती आहे. कायोटी त्यात बसत नाही. काळे गिधाड मात्र स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली संरक्षित असल्याने त्याने मारलेल्या करडांसाठी अर्ज करता येतो. म्हणून ते छायाचित्र आणि शवाचे फोटो तारखेसह जपून ठेवा, आणि मुदत उलटण्याआधी आपल्या परगण्यातील कृषी सेवा कार्यालयात नोंद करा. त्याच संरक्षणामुळे परवान्याशिवाय गिधाडाला मारता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

रानवाटा यांच्या मुख्य मुद्द्याबद्दल माझे मत थोडे बदलले आहे, हे येथे नोंदवतो. तीस-चाळीस एकरांच्या शेतावर सरसकट मारण्याने काही साधणार नाही. मोठ्या कुरणांवर, जिथे कळप मैलोन्‌मैल विखुरलेला असतो, तिथे मात्र माझे म्हणणे कायम आहे.

माणदेशी

मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा आहे आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे आहेत. कायोटी मी पाहिलेला नाही, पण लांडग्याबरोबर आमचा रोजचा व्यवहार आहे, म्हणून आमच्याकडे काय करतात ते सांगतो. लांडगा कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे राखणीवाचून आम्हाला दुसरा मार्गही नाही.

रात्री मेंढरे वाघरीत असतात. वाघर म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेली दोरीची जाळी. ती अभेद्य नाही, लांडग्याने ठरवले तर तो उडी घेईल, पण तिच्यामुळे मेंढरे एका जागी गोळा राहतात आणि बुजून अंधारात उधळत नाहीत. उधळलेल्या मेंढरांतच लांडगा हात मारतो. वाघरीच्या कडेला कुत्री आणि माणूस झोपतो. दिवसा कळप चरायला जातो तेव्हा लहान कोकरे त्याच्याबरोबर जात नाहीत, ती वाड्यावर, बायका-पोरांच्या नजरेखाली राहतात आणि संध्याकाळी आया परतल्यावर पितात. आपली करडे दिवसभर आयांबरोबर झाडीत हिंडत असतील तर मला वाटते गफलत तिथेच आहे. शेळी चरताना करडू झुडपाखाली निजवून पुढे जाते, आणि तेवढ्यात ते जाते.

दुसरे असे की वाघरीची जागा आम्ही बदलत राहतो. ज्याच्या रानात मेंढरे बसतात त्याला खत मिळते आणि आम्हाला धान्य किंवा पैसे. आपल्या कुरणातही रात्रीचा कोंडवाडा हलता ठेवला तर एका जागी चिखल आणि जंत साठणार नाहीत.

हिलकंट्री

माणदेशी दादा, आपण म्हणता तसेच घडत होते. करडे जन्मल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आयांबरोबर झाडीत जात होती. आम्ही आता असे ठरवले आहे : गाभण शेळ्या घराजवळच्या लहान कुरणात आणायच्या आणि करडे काही आठवड्यांची होईपर्यंत तिथेच ठेवायची. विल्यानंतर पडणारी वार आणि मेलेली करडे त्याच दिवशी उचलायची, म्हणजे गिधाडे आणि कायोटी दोघांनाही बोलावणे जाणार नाही. रात्री सगळा कळप विजेच्या हलत्या जाळीत ठेवायचा. पुढच्या वर्षी सर्व शेळ्या एकाच सुमारास वितील असे बोकड सोडायचे, म्हणजे राखणीचा काळ लहान होईल. मोठ्या कुंपणाचे काम टप्प्याटप्प्याने करू, सुरुवात उकरलेल्या बाजूने.

एका शेतावर शेळ्यांतच वाढलेली तीन वर्षांची पिरनीज कुत्री मिळत आहे. तिच्याबरोबर तिचे एक पिल्लूही घ्यावे का, आणि ती आल्या-आल्या विण्याच्या कुरणात सोडावी का?

मरीनची_मेंढपाळ

कुत्री अवश्य घ्या, आणि पिल्लूही घ्या, कारण पिल्लू आईकडून जे शिकते ते आपण शिकवू शकत नाही. पण कुत्री आल्या-आल्या मोकळी सोडू नका. पहिले काही आठवडे तिला शेळ्यांच्या कुरणातच, जाळीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तिला तुमचा कळप आणि कळपाला ती ओळखीची होईल आणि ती जुन्या घराकडे पळणार नाही. ज्या शेळ्यांनी कुत्रा फक्त शत्रू म्हणून पाहिला आहे, त्या सुरुवातीला तिला शिंगांवर घेतील. विणाऱ्या शेळीजवळ ती वार खायला जाते आणि आई बिथरते, तेव्हा या हंगामात तिला विण्याच्या कुरणाला लागून, जाळीपलीकडे ठेवा. तिच्या भुंकण्याचा आणि वासाचा उपयोग तिथूनही होतो. पिल्लाला नवजात करडांत एकटे कधीही सोडू नका. दोघांसाठी खाण्याची जागा अशी करा की शेळ्यांना आत शिरता येणार नाही, आणि सॅनअँजेलोकर यांनी सांगितल्याप्रमाणे शेळ्यांच्या खाद्याच्या पिशवीवर मोनेन्सिन लिहिले आहे का, ते कुत्री आणण्याआधी पाहून घ्या.